नायकाची खोट कोणाला महाग पडते?

पानखूण

कुमारवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यातला हिरो आपल्यासारखाच आहे हो, साधा, चुका करणारा." पुस्तक उघडून बघावं तर चुका काय, तर पोरगा वेंधळा आहे, सकाळी वेळेवर उठत नाही, गणितात कच्चा आहे आणि आवडती मुलगी समोर आली की त-त-प-प करतो. नायिका असेल तर चालताना धडपडते. या खोटी नव्हेत. गोरागोमटा नायक उगीच दृष्ट लागण्याइतका छान दिसू नये म्हणून लावलेली तीट आहे ती. गोष्टीत तिच्यामुळे काडीचाही फरक पडत नाही.

माझी कसोटी एवढीच: नायकाच्या खोटीची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते का? (पुढे कथानकं फुटणार आहेत. ज्यांना चालत नाही त्यांनी इथेच थांबा.)

उर्सुला ली ग्विनचा गेड घ्या. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ची. गेड जादूच्या शाळेत शिकतोय, हुशार आहे आणि ते त्याला पुरेपूर माहीत आहे. एक श्रीमंत घरचा सोबती सारखा टोचून बोलतो, तेव्हा हा पैजेवर मेलेल्या माणसाला बोलावून दाखवतो. त्यामुळे पडलेल्या फटीतून एक काळी सावली आत येते आणि त्याचा चेहरा ओरबाडते. फट बुजवताना शाळेचे म्हातारे मुख्य जादूगार आपली सगळी शक्ती ओततात आणि त्यातच जातात. इतकं सगळं कशासाठी, तर एका पोराला दुसऱ्यापुढे कमीपणा घ्यायचा नव्हता म्हणून. उरलेल्या पुस्तकात खलनायक असा कोणी नाही. आधी तो त्या सावलीपासून पळतो, मग तिच्या मागे लागतो. शेवटी तिला नाव देतो ते स्वतःचंच.

दुसरी लायरा, फिलिप पुलमनच्या 'नॉर्दर्न लाइट्स'मधली (१९९५). ही पोरगी पट्टीची थापाडी. गंमत म्हणजे थापा हीच तिची ताकद आहे. अस्वलांच्या राजाला थापा मारूनच ती जिंकते आणि तिथेच तिला मानाचं नाव मिळतं. पण ज्या मित्राला सोडवायला ती एवढी लांब आली, त्याला ती नकळत नेमकं त्याचा जीव घेणाऱ्या माणसापाशी नेऊन पोचवते. तिसऱ्या भागात ती त्याची माफी मागायला मेलेल्यांच्या देशात उतरते. दारावर पंखवाल्या राक्षसिणी आहेत. लायरा सवयीने आपली ठेवणीतली थाप सुरू करते आणि त्यातली एक 'खोटारडी' म्हणून किंचाळत तिच्या अंगावर झेपावते. पुढे आत गेल्यावर तिथली भुतं तिला जगाबद्दल विचारतात. तेव्हा ती काही न रचता लहानपणी चिखलात खेळल्याची खरी आठवण सांगते. तशी त्याच राक्षसिणी जवळ येऊन गुपचूप बसतात आणि ऐकतात.

मला हे ग्रेट वाटतं, कारण इथे खोट "सुधारत" नाही. बोलण्यातली तीच हातोटी राहते, फक्त ती दुसऱ्या कामी लागते.

तुमच्या वाचनातली अशी माणसं सांगा. नुसती यादी नको, खोट काय आणि ती कोणाच्या अंगावर आली, ते लिहा.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर.

तिरकस

धागा चांगला आहे, पण कसोटी मान्य नाही. म्हणजे कोणीतरी मेल्याशिवाय नायक खरा नाही? मोठ्यांना मुलांची पुस्तकं अशी रक्तबंबाळ करायची फार हौस असते. फास्टर फेणेत (फाफेत) काय खोट आहे सांगा? लुकडा आहे, बस्स. भा. रा. भागवतांनी त्याला हाडाडलेला आणि तुरतुर सायकल मारणारा केला आणि पिढ्यानपिढ्या पोरं "ट्टॉक" करत फिरली. त्याच्यामुळे कोणाचं काही वाईट झाल्याचं मला तरी आठवत नाही. तरीही तो रोजच्यातला वाटतोच की.

पानखूण

@तिरकस, फाफेवर माझंही प्रेम आहे. पण तो दहा-अकरा वर्षांच्या वाचकाचा गडी आहे. त्या वयाला "मी पण करू शकेन" एवढं पुरतं. चौदा-पंधराव्या वर्षी वाचकाचा प्रश्न बदलतो, "मी जे करून बसलोय त्याचं आता काय?" आणि मरण कुठे म्हणतेय मी? किंमत म्हणतेय.

कोलाहल

मरण नसलेलं उदाहरण नाही, पण दोष अगदी बारीक असलेलं एक देते. कॅथरीन पॅटरसनचं 'ब्रिज टू टेराबिथिया', १९७७. जेस नावाचा मुलगा, घरात बहिणींच्या गराड्यात, चित्रं काढणारा. लेस्ली ही त्याची एकुलती एक खरी मैत्रीण. एके दिवशी आवडत्या बाई त्याला शहरातली चित्रं दाखवायला घेऊन जातात. लेस्लीलाही न्यावं का हे विचारायचं त्याला वेळेवर सुचत नाही. वाटेत सुचतं, आणि बाई आपल्या एकट्याच्या वाट्याला आल्या म्हणून तो मनातल्या मनात सुखावतो. त्याच दिवशी लेस्ली दोरीला लोंबकळून ओढा पार करायला एकटी जाते.

यात गुन्हा कुठला? कुठलाच नाही. एक अर्ध्या ओळीचा स्वार्थ. पण तो वाचून मी अक्षरशः पुस्तक मिटलं होतं, कारण तसा सुखावलेला क्षण माझ्याकडेही होता आणि तो मी कोणाला सांगितला नव्हता. पॅटरसनबाईंच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली होती, त्यातून हे पुस्तक आलं. त्यामुळे असेल, पण त्या जेसला कुठेही झोडपत नाहीत. आणि सोडूनही देत नाहीत.

ग्रंथपाल_मावशी

शाळेच्या वाचनालयात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहिते. मोठी माणसं जे "प्रेरणादायी" म्हणून सुचवतात ते कपाटात कोरं राहतं आणि ज्याच्या पानांचे कोपरे दुमडलेले असतात ते वेगळंच असतं. मुलं परत करताना पुस्तकाबद्दल बोलत नाहीत, पात्राबद्दल चहाडी केल्यासारखं बोलतात. "मावशी, तो असं कसं वागला हो?" हे वाक्य आलं की समजायचं पुस्तक लागू पडलं. नायक आवडलाच पाहिजे असं काही नसतं. त्याच्याशी मनातून भांडता आलं पाहिजे.

या बाबतीत मला एस. ई. हिंटनचं 'द आउटसायडर्स' (१९६७) अजूनही सगळ्यांच्या वर वाटतं. लिहायला घेतलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि छापून आलं तेव्हा अठराची. कदाचित म्हणूनच त्यात मोठ्यांचा सूर नाही. टोळक्यातली पोरं, एक मारामारी, हातून एक खून. दोघं पळून एका ओसाड चर्चमध्ये लपतात. पुढे त्या चर्चला आग लागते, आत लहान मुलं अडकतात आणि हे दोघं खिडकीतून आत उडी मारून त्यांना बाहेर काढतात. वर्तमानपत्रवाले त्यांना हिरो म्हणतात. पण आत उडी मारण्याआधी पोनीबॉयच्या डोक्यात काय येतं? आग आपल्याच सिगारेटच्या थोटकाने लागली असणार. हे तो जाता जाता बोलून जातो. लेखिका त्यावर थांबत नाही, भाषण करत नाही.

बाकी १९८३मध्ये त्यावर कोपोलाने चित्रपट केला तोही एका शाळेच्या ग्रंथपालबाई आणि मुलांनी पत्र पाठवून गळ घातली म्हणून. आमच्या जमातीची एवढी एक बढाई मारू द्या.

पानखूण

मावशी, ते थोटूक! माझा अख्खा धागा तुम्ही एका थोटकात मांडलात.

सांजवारा

अवांतर होईल, पण मराठीत 'श्यामची आई' याच मापाने बघा. श्याम काही आदर्श बाळ नाही. पोहायला जायला घाबरून लपून बसतो आणि आईचा मार खातो. हट्ट करतो, चुकतो. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, मोठा झालेला श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतोय अशा घाटाचं. पण प्रत्येक चूक त्याच रात्री धुऊन निघते. आई समजावते, श्याम रडतो, आपण रडतो, हिशोब पूर्ण. पानखूणच्या कसोटीवर श्याम नापास होईल का?

पानखूण

नापास म्हणायला जीभ रेटत नाही. पण तिथे खोटीचं काम वेगळं आहे. ती आईचं मोठेपण दाखवायला येते आणि काम झालं की जाते. पुस्तकाचं नावच सांगतं नायक कोण ते.

तिरकस

वा! म्हणजे उदाहरण अंगाशी आलं की नायकच बदलायचा.

पानखूण

बदलला नाही, मुखपृष्ठावर वाचला.

रिकामटेकडा

रुमाल उचलतो. सांजवाराच्या मुद्द्याला धरूनच बोलतो. मराठीतल्या ज्या खोट असलेल्या पोरांवर आपण जीव टाकतो ती बहुतेक मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत. प्रकाश नारायण संतांचा लंपन, मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'मधला (२००४) मुकुंद जोशी. मुकुंद नववीत, बाहेर आणीबाणी, आणि याचं सगळं लक्ष शिरोडकर कुठल्या रस्त्याने येते याकडे. सुऱ्या, चित्र्या, फावड्या यांच्या टोळीत बसून पोरींबद्दल तो जे बोलतो ते आज वाचताना कान लाल होतात. पण आपण वाचतो ते चाळिशीच्या डोळ्यांनी, "काय दिवस होते" म्हणत. ती हळहळ पंधरा वर्षांच्या वाचकाच्या काय कामाची? तो अजून त्या वर्गातच बसलाय.

सॅलिंजरचं 'द कॅचर इन द राय' (१९५१) याच जातीचं. मोठ्यांसाठी आलं आणि पोरांनी पळवलं. होल्डन सगळ्यांना ढोंगी म्हणतो आणि स्वतः थापांवर थापा मारतो. आपण थापाडे आहोत हे तो स्वतःच सांगतो, पण मग आपणही त्या ढोंग्यांतलेच, हे त्याला कळतं की नाही, हे लेखक सांगत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की खोटीची किंमत कोण मोजतं यापेक्षा गोष्ट कुठे उभं राहून सांगितली आहे हे जास्त महत्त्वाचं. आतून की मागे वळून? आतून सांगितली तर निवेदकाला आपली खोट दिसतच नसते, ती वाचकाला दिसते. ती मजा.

कोलाहल

+१. आणि याचं एक जुनं उदाहरण हक फिन. मार्क ट्वेनचं पुस्तक १८८४-८५चं. पळून आलेल्या गुलाम जिमला धरून द्यावं म्हणून हक चिठ्ठी लिहितो. लिहून झाल्यावर त्याला पापातून सुटल्यासारखं हलकं वाटतं. मग जिम त्याच्याशी कसा वागला ते आठवतं आणि तो चिठ्ठी फाडतो. पण फाडताना त्याची पक्की खात्री असते की आपण वाईट काम करतोय आणि यासाठी नरकात जाणार. त्याने आयुष्यात केलेली सगळ्यात चांगली गोष्ट त्याला स्वतःची सगळ्यात मोठी खोट वाटते!

(शेवटी टॉम येतो आणि त्याच्या पोरकट खेळात हक जिमला फुकट ताटकळत ठेवू देतो, ते मला आजही डाचतं. पण तोही हकचाच स्वभाव, टॉमपुढे नमतं घेणारा.)

नवखी

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी सतरा वर्षांची आहे, म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांतली. एक विचारायचं होतं. मुलगे चुकले की त्यांना गुंतागुंतीचे म्हणतात आणि मुलगी चुकली की ती "आवडली नाही" असं का होतं? 'हंगर गेम्स'मधल्या कॅटनिसबद्दल (पहिलं पुस्तक २००८) माझ्या वर्गात सगळे म्हणतात की ती थंड आहे, स्वार्थी आहे, पीटाला वापरते. हो, वापरते. बहीण जगवायची आहे तिला. हॅरी पॉटर पाचव्या पुस्तकात सगळ्यांवर ओरडत सुटतो, हर्मायनी सांगते की तुला लोकांना वाचवायची खोडच आहे, जरा थांब, तरी हा धावत जातो आणि त्यात सिरियस जातो. तेव्हा मात्र सगळे म्हणतात, बिचारा, किती सोसलंय त्याने.

मला तर कॅटनिसची खरी खोट शेवटच्या भागात वाटते. जिंकल्यावर शत्रूच्या मुलांना घेऊन पुन्हा एकदा तोच, मुलांना एकमेकांचा जीव घ्यायला लावणारा खेळ भरवायचा का, यावर मत घेतात आणि ती हो म्हणते. ते वाचून मला दोन दिवस कसंतरी होत होतं. काही जण म्हणतात तो डाव होता. असेलही. पण बहीण गेलेल्या मुलीने ते मनापासून म्हटलं असेल तर? मला तेच जास्त खरं वाटतं.

ग्रंथपाल_मावशी

ये गं ये. "आवडली नाही" हे मी काउंटरवर मुलींच्या तोंडूनच जास्त ऐकलंय, हे त्यातलं आणखी एक दुखणं. मुलीने चुकावं, पण चुकून झाल्यावर लगेच डोळ्यांत पाणी आणावं अशी अपेक्षा असते. कॅटनिस आणत नाही.

तिरकस

नवखीचा प्रतिसाद धाग्यातला सर्वात चांगला. मी हॅरी पॉटरबद्दल नेमकं हेच केलंय, बिचारा म्हटलंय.

पण आता उलट बाजू. सगळेच्या सगळे नायक असे जड ओझं वाहणारे झाले तर वाचायचं कोणी? पॅट्रिक नेसचं 'द रेस्ट ऑफ अस जस्ट लिव्ह हिअर' (२०१५) माझं लाडकं आहे ते म्हणूनच. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर चार-सहा ओळींत निवडलेली, जग वाचवणारी मुलं काय पराक्रम करतायत त्याचा सारांश. आणि खाली पूर्ण प्रकरण कोणाचं, तर त्याच गावातल्या उरलेल्या पोरांचं. त्यांना शाळा उडायच्या आत परीक्षा द्यायच्या आहेत. माइक हात धूत सुटतो, धुतो, मोजतो, परत धुतो, कातडी सोलवटेपर्यंत. कळतंय, थांबत नाहीये. बहिणीचं खाण्याचं दुखणं. इथे जग वाचवायचं नाही, डॉक्टरकडे जाऊन गोळी परत सुरू करायची आहे. आणि ते पान पराक्रमाइतकंच धडधडत वाचलं मी. यात तुमची किंमत कोण मोजतं?

पानखूण

माइकला होतं ते आजारपण आहे, खोट नव्हे. ही गल्लत मात्र करायला नको, आणि नेसही करत नाही. माइकची खोट वेगळी आहे: मित्रमंडळींत आपण सगळ्यात कमी हवे आहोत ही त्याची धारणा. त्यापायी गटात आलेल्या नव्या मुलावर तो कारण नसताना डूख धरून बसतो.

नेसचंच 'अ मॉन्स्टर कॉल्स' (२०११) तर या धाग्याची हद्द आहे. आई कर्करोगाने चाललीय. कॉनरला रोज स्वप्न पडतं की कड्यावरून आईचा हात सुटतोय. शेवटी राक्षस त्याच्याकडून कबूल करून घेतो की हात सुटला नाही, त्याने सोडला. कारण हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटत होतं. इथे किंमत कोणीच मोजत नाही, आई तशीही जाणारच होती. म्हणजे माझी कसोटी इथे लागूच पडत नाही आणि तरी पुस्तक सच्चं आहे. तिरकस, घ्या, एक गुण तुम्हाला.

अर्धविराम

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता स्वार्थासाठी लिहितो. मी या वयोगटासाठी एक कादंबरी लिहितोय. नायक सोळा वर्षांचा, शीघ्रकोपी. वर्गातल्या दादागिरी करणाऱ्या पोराला बदडतो, लबाड मास्तरांना उलट बोलतो, त्यामुळे शाळेतून काढतात. वाचून दाखवलं तर सगळे म्हणतात मुलगा छान आहे. मला तो छान व्हायला नकोय. काय चुकतंय?

रिकामटेकडा

त्याचा राग नेहमी योग्य माणसावर निघतोय. तो राग नाही, न्यायनिवाडा आहे. एकदा तरी चुकीच्या माणसावर काढा, जो उलट बोलणार नाही अशावर.

कोलाहल

घरात आजोबा ठेवा. विसरायला लागलेले. रोज संध्याकाळी तेच विचारतात, "आज शाळेत काय झालं?" शाळेतून काढल्याच्या दिवशीही विचारतात. दोनदा, तीनदा. आणि हा ओरडतो. आजोबा पडणार नाहीत, हरवणार नाहीत, त्यांना झटका येणार नाही. दुसऱ्या दिवशीपासून ते फक्त विचारायचं थांबवतात. बाकी सगळं विसरलेल्या माणसाच्या एवढंच लक्षात राहिलं.

अर्धविराम

बाप रे. हे वापरू का?

कोलाहल

खुशाल. फक्त माफीचा प्रसंग घालू नका.

अर्धविराम

माफी नाही तर मग तो करणार काय? संपादक विचारतीलच की नायक बदलला कुठे.

पानखूण

न विचारता सांगायला लागेल. कंटाळवाणं, रोजचं, डबा कोणाचा सांडला वगैरे. आजोबा ऐकतायत की नाही हे त्याला कळणार नाही आणि वाचकालाही कळू देऊ नका. आणि मारामारीचं प्रकरण अर्ध्यावर आणा. तिथे तुम्ही फार रमला असणार.

अर्धविराम

रमलोय. बावीस पानं आहेत.

तिरकस

संपादकांचा विषय निघालाच आहे तर रॉबर्ट कॉर्मियरचं 'द चॉकलेट वॉर' (१९७४) वाचून ठेवा. जेरी नावाचा मुलगा शाळेची चॉकलेटं विकायला नकार देतो. एवढंच त्याचं शौर्य. शेवटी सगळ्या शाळेसमोर बेदम मार खातो आणि मित्राला सांगू बघतो की नाही म्हणण्यात काही अर्थ नाही. प्रकाशकांना हा शेवट फार काळा वाटला, बदला म्हणाले, त्याने बदलला नाही.

ग्रंथपाल_मावशी

ते मी मुलांना देताना कचरते, खरं सांगते. दिलं की मात्र परत लवकर येत नाही. एक मुलगा पुस्तक परत करताना जेरीबद्दल चकार शब्द बोलला नाही. मार पडताना बाकावर बसून बघत होती ती सगळी पोरं नंतर घरी जाऊन जेवली असतील का, एवढंच विचारत होता.

नवखी

मावशी, ते पुस्तक आत्ता आत आहे की कोणी नेलंय?